सहचारी सारणी

किल्ली व मूल्य अशा जोड्यांच्या रूपात माहिती साठविणारी आणि किल्ली दिली असता तिच्याशी निगडित असलेले मूल्य परत देणारी संगणकीय माहितीरचना. संगणकविज्ञानात ती असोसिएटिव्ह ॲरे या नावाने ओळखली जाते. निरनिराळ्या संगणक भाषांत तिला डिक्शनरी, टेबल, हॅश, मॅप अशी वेगवेगळी नावे आहेत. साध्या सारणीतील घटक त्यांच्या क्रमांकावरून शोधले जातात. पहिला, दुसरा, शंभरावा असा त्यांचा पत्ता असतो. सहचारी सारणीत हा पत्ता म्हणजे एखादे नाव, शब्द किंवा अन्य खूण असू शकते. शब्दकोशात शब्दावरून अर्थ किंवा पेढीच्या खतावणीत खातेदाराच्या नावावरून त्याचे खाते शोधावे, तसाच हा प्रकार होय.

या रचनेचा इतिहास मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरतो. किल्लीवरून मूल्य त्वरेने कसे सापडेल, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर १९५० नंतरच्या दशकातच मिळाले. दोन किल्ल्या एकच आहेत असे केव्हा मानावे, हा दुसरा प्रश्न. तो वरकरणी क्षुल्लक वाटतो; परंतु ज्या भाषांत संख्या, शब्द व इतर वस्तू यांचे परस्परांत आपोआप रूपांतर होते, अशा शिथिल प्रकारांच्या भाषांत तोच रचनेचा गाभा ठरला. त्याची उत्तरे प्रत्येक भाषेने निराळी दिली आणि त्या उत्तरांचे बरेवाईट परिणाम पुढे लक्षावधी आज्ञावलींना भोगावे लागले.

पूर्वपीठिका : किल्ल्यांची यादी ओळीने तपासत जाणे हा शोधाचा सर्वांत साधा मार्ग होय. जॉन मॅकार्थी (१९२७–२०११) यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९५८ पासून विकसित केलेल्या लिस्प या भाषेत किल्ली-मूल्यांच्या जोड्यांची अशी यादी वापरात होती. यादी लहान असेल तोवर ही पद्धत पुरते. मात्र जोड्या वाढतात त्या प्रमाणात शोधाचा काळही वाढतो.

यावरील उपाय त्याआधीच सुचविला गेला होता. आयबीएम या कंपनीतील अभियंते हान्स पीटर लून (१८९६–१९६४) यांनी जानेवारी १९५३ मध्ये लिहिलेल्या एका अंतर्गत टिपणात किल्लीवरूनच तिची जागा गणिताने काढण्याची कल्पना मांडली. किल्लीतील अक्षरांवर किंवा अंकांवर ठरावीक क्रिया करून एक संख्या काढावयाची व त्या क्रमांकाच्या कप्प्यात ती जोडी ठेवावयाची, अशी ही पद्धत आहे. या क्रियेला हॅश फलन म्हणतात. दोन भिन्न किल्ल्यांना एकच कप्पा मिळाला, तर त्यास टक्कर असे म्हणतात. अशा किल्ल्यांची साखळी त्या कप्प्याला जोडावी, असे लून यांनी सुचविले. डब्ल्यू. डब्ल्यू. पीटर्सन यांनी १९५७ मध्ये टक्कर झाल्यास सारणीतील अन्य मोकळा कप्पा शोधण्याच्या पद्धतीचे विवेचन केले. याच सुमारास सोव्हिएट संघात आंद्रेई येर्शोव्ह (१९३१–८८) यांनीही ही पद्धत स्वतंत्रपणे शोधली. हॅश फलन चांगले असेल व सारणी भरत आल्यावर कप्प्यांची संख्या वाढविली, तर जोड्या शंभर असोत वा दहा लाख, एका शोधास सरासरीने जवळजवळ तितकेच श्रम पडतात. मात्र या 'सरासरीने' शब्दात एक धोका दडलेला होता. त्याचा प्रत्यय यावयास अर्धशतक लागले.

शिथिल प्रकारांच्या भाषा : पास्काल, सी यांसारख्या भाषांत प्रत्येक चलाचा प्रकार, म्हणजे तो पूर्णांक आहे, अपूर्णांक आहे की अक्षर, हे अगोदरच घोषित करावे लागते. तेथे सहचारी सारणी रचावयाची झाल्यास किल्ल्यांचा प्रकारही आधी ठरलेला असतो व दोन किल्ल्यांची तुलना कशी करावयाची, याविषयी संदेह उरत नाही. शिथिल प्रकारांच्या भाषांत चलाला असा प्रकार नसतो. तोच चल आता संख्या, तर पुढच्या क्षणी अक्षरमालिका धारण करू शकतो. शिवाय '७' ही अक्षरमालिका बेरजेत आली, तर तिची सात ही संख्या आपोआप होते. अशा भाषेत सात ही संख्या आणि '७' ही अक्षरमालिका या किल्ल्या एकच मानाव्या की भिन्न? एक मानल्यास '०७' चे काय? प्रत्येक रचनाकाराला याचे उत्तर द्यावे लागले. या उत्तरांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात.

सर्व किल्ल्या अक्षरमालिका : पहिले उत्तर सर्वांत सोपे आहे. किल्ली कोणत्याही प्रकारची असो, तिचे आधी अक्षरमालिकेत रूपांतर करावे व मगच शोध घ्यावा. आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर व ब्रायन कर्निगन यांनी बेल प्रयोगशाळेत १९७७ मध्ये तयार केलेल्या ऑक या भाषेने ते स्वीकारले. या भाषेत सहचारी सारणी हीच एकमेव सारणी होती. मजकुरातील कोणता शब्द किती वेळा आला, याची मोजणी करणारी आज्ञावली तिच्यात एकदोन ओळींत लिहिता येई. या सुलभतेमुळे सहचारी सारणी सामान्य आज्ञावलीकाराच्या नित्य वापरात आली. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसृत केलेल्या पर्ल या भाषेने हाच वारसा पुढे नेला. तिच्या १९९४ मधील पाचव्या आवृत्तीपासून सहचारी सारणीस नुसते 'हॅश' म्हणण्याचा प्रघात पडला.

या सोपेपणाची किंमतही द्यावी लागते. ऑकमध्ये अपूर्णांकी संख्येचे अक्षरमालिकेत रूपांतर करताना सामान्यतः सहाच सार्थ अंक ठेवले जातात. त्यामुळे १२.३४५६७८१ व १२.३४५६७८४ या भिन्न संख्या किल्ली म्हणून १२.३४५७ या एकाच रूपात येतात आणि दुसरीचे मूल्य पहिलीच्या मूल्याची जागा घेते. कोणतीही सूचना मिळत नाही. उलटपक्षी, संगणकाच्या द्विमान गणितात एकदशांश व दोनदशांश यांची बेरीज तीनदशांशाशी नेमकी जुळत नाही. परंतु ऑकच्या सारणीत त्या दोन्ही किल्ल्या एकच ठरतात व बहुतेकांना तेच अपेक्षित असते. पर्लमध्ये एखाद्या वस्तूचा संदर्भ किल्ली म्हणून दिला, तर त्याची अक्षरमालिका होते आणि तिच्यावरून मूळ वस्तूकडे परतण्याचा मार्ग उरत नाही.

प्रकार राखणारी रचना : दुसरे उत्तर याच्या विरुद्ध आहे. संख्या ही संख्याच राहावी व अक्षरमालिका अक्षरमालिकाच. इतर व्यवहारांत रूपांतर होत असले, तरी किल्लीच्या बाबतीत ते होऊ नये. बेल प्रयोगशाळेत राल्फ ग्रिझवोल्ड (१९३४–२००६) व त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या स्नोबॉल ४ या भाषेत 'टेबल' ही रचना भाषेचाच एक भाग होती. ग्रिझवोल्ड यांनी पुढे ॲरिझोना विद्यापीठात रचलेल्या आयकॉन या भाषेत संख्यारूप व अक्षररूप किल्ल्या स्पष्टपणे भिन्न मानल्या गेल्या.

या परंपरेतील विशेष उल्लेखनीय भाषा म्हणजे लुआ ही होय. ती ब्राझीलमधील रीओ दे जानेरो येथील कॅथलिक विद्यापीठात रोबेर्तो येरुसालिम्स्की, लुईस एन्रीके दे फिगेरेदो व वाल्देमार सेलेस यांनी १९९३ मध्ये रचली. साधी सारणी, नोंद, संच, वस्तू या सर्वांसाठी या भाषेत सहचारी सारणी ही एकच रचना वापरली जाते. बेरजेत '७' या अक्षरमालिकेची संख्या करणारी लुआ किल्लीच्या बाबतीत मात्र दोहोंत भेद करते. एकाच रचनेवर सर्व भार टाकल्याने वेग घटू नये म्हणून २००३ मधील पाचव्या आवृत्तीत सारणीचे दोन भाग करण्यात आले : ओळीने येणाऱ्या पूर्णांक किल्ल्यांसाठी साधी सारणी व उरलेल्यांसाठी हॅश सारणी. हा बदल आज्ञावली लिहिणाऱ्यास दिसत नाही.

ग्वीडो व्हान रॉसम यांची १९९१ मध्ये प्रसृत झालेली पायथन ही भाषा काटेकोर अर्थाने शिथिल नव्हे. तिच्यात चलाला प्रकार नसला, तरी अक्षरमालिकेची संख्या आपोआप होत नाही. तथापि किल्ल्यांचा प्रश्न तिलाही चुकला नाही. पूर्णांक एक, अपूर्णांकरूपातील १.० आणि 'सत्य' हे तार्किक मूल्य ही तीन्ही तिच्यात परस्परांशी समान असल्याने त्यांची किल्लीही एकच होते. समान मानल्या जाणाऱ्या वस्तूंचे हॅश मूल्य समान असलेच पाहिजे, या नियमाचा तो अपरिहार्य परिणाम आहे. सारणीत ठेवल्यानंतर किल्लीच बदलली, तर ती पुन्हा सापडणार नाही. म्हणून बदलता येण्याजोग्या याद्या किल्ली म्हणून वापरण्यास पायथनमध्ये मनाई आहे.

मिश्र रचना : तिसऱ्या वर्गातील भाषांनी काही किल्ल्यांचे रूपांतर करावे व काहींचे करू नये, असा मार्ग पत्करला. रास्मुस लेर्डोर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसृत केलेल्या पीएचपी या भाषेत साधी सारणी व सहचारी सारणी एकच आहे. दशमान पूर्णांकासारखी दिसणारी अक्षरमालिका तिच्यात किल्ली म्हणून आली, तर तिचा पूर्णांक होतो. '७' ही किल्ली सात ही संख्या बनते. परंतु '०७' मात्र अक्षरमालिकाच राहते. अपूर्णांक किल्लीचा अपूर्ण भाग गाळला जातो, १.७ ची किल्ली १ होते. माहिती अशा रीतीने मुकाट्याने गाळली जाऊ नये म्हणून २०२१ मध्ये आलेल्या ८.१ या आवृत्तीपासून अशा किल्लीबाबत इशारा दिला जातो.

या नियमाची अडचण व्यवहारात सहज उद्भवते. पिनकोडाचे क्रमांक किल्ली म्हणून वापरून गावांची यादी केली, तर पुण्याचा ४११००१ हा क्रमांक अक्षरमालिका म्हणून दिला, तरी पूर्णांक होतो. अशा दोन याद्या पीएचपीमधील एकत्रीकरणाच्या नेहमीच्या फलनाने जोडल्या असता, पूर्णांक किल्ल्या केवळ अनुक्रमांक समजून त्यांना शून्यापासून नवे क्रमांक दिले जातात. गावांची नावे शिल्लक राहतात, पिनकोड मात्र नाहीसे होतात. आज्ञावलीकाराच्या दृष्टीने खूण असलेली किल्ली भाषेच्या दृष्टीने केवळ क्रम ठरते, हा या दोषाचा उगम होय.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या कंपनीत रचलेल्या जावास्क्रिप्ट या भाषेत सहचारी सारणी निराळी नव्हतीच. 'ऑब्जेक्ट' ही सर्वसाधारण वस्तूच तिचे काम करी. तिच्या गुणधर्मांची नावे अक्षरमालिका असत. त्यामुळे दोन भिन्न साध्या वस्तू किल्ली म्हणून दिल्या, तर दोहोंचे एकाच ठरावीक अक्षरमालिकेत रूपांतर होऊन त्या एकमेकींवर लिहिल्या जात. याहून सूक्ष्म दोष वारशाचा होता. प्रत्येक नवी वस्तू आपल्या मूळ वस्तूकडून काही गुणधर्म घेते. 'कन्स्ट्रक्टर' हा त्यांपैकी एक. म्हणून शब्दमोजणीच्या आज्ञावलीत रिकामी वस्तू घेतली आणि मजकुरात नेमका हाच इंग्रजी शब्द आला, तर तो आधीपासून नोंदलेला आहे असे आढळते व मोजणी बिघडते. १९७७ मध्ये ऑकने ज्या उदाहरणाने लोकांची मने जिंकली, तेच येथे अडखळले. वारसा नसलेली वस्तू निर्माण करण्याची सोय २००९ च्या मानकात व 'मॅप' ही स्वतंत्र रचना २०१५ च्या मानकात आली. मॅपमध्ये किल्लीचा मूळ प्रकार कायम राहतो.

अनुपस्थित किल्ली : सारणीत नसलेली किल्ली मागितली असता काय व्हावे, याविषयीही मतैक्य नाही. पायथनमध्ये तो दोष मानून काम थांबते. आयकॉनमध्ये सारणी निर्माण करतानाच अशा प्रसंगीचे मूल्य ठरवून देता येते. ऑकमध्ये नुसती विचारणा केली, तरी ती किल्ली रिकाम्या मूल्यासह सारणीत दाखल होते. मोजणीच्या कामी हे सोयीचे असले, तरी पाहण्याच्या क्रियेने पाहिलेली वस्तू निर्माण होते, हे विपरीतच होय. म्हणून १९८५ च्या सुमारास झालेल्या विस्तारात किल्लीचे अस्तित्व तपासणारी स्वतंत्र क्रिया ऑकमध्ये घालण्यात आली. किल्ली आहे पण मूल्य रिक्त आहे आणि किल्लीच नाही, या दोन स्थिती लुआने एकच मानल्या; रिक्त मूल्य देणे म्हणजे तेथे किल्ली काढून टाकणे होय. पर्ल व पीएचपी या भाषांत मात्र त्या भिन्न असून त्या तपासण्यासाठी वेगवेगळी फलने आहेत.

क्रम : हॅश सारणीतील जोड्या कप्प्यांच्या क्रमाने बाहेर येतात व हा क्रम मनुष्याच्या दृष्टीने अर्थहीन असतो. बॉस्टन येथील मॅसॅचूसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६० नंतरच्या दशकात वैद्यकीय नोंदींसाठी रचलेल्या मम्प्स या भाषेत सारण्या किल्ल्यांच्या चढत्या क्रमाने ठेवल्या जात. परंतु तो मार्ग पुढील भाषांनी सहसा अनुसरला नाही. पीएचपीने जोड्या ज्या क्रमाने घातल्या, तो क्रम राखला. पायथनमध्ये रेमंड हेटिंगर यांनी २०१२ मध्ये असे सुचविले, की जोड्या ओळीने एका सलग सारणीत ठेवाव्यात व हॅश कप्प्यांत केवळ त्यांचे अनुक्रमांक असावेत. हा उपाय स्मृतीची बचत करण्यासाठी होता. २०१६ मधील ३.६ या आवृत्तीत तो अमलात आल्यावर डिक्शनरीला लागणारी स्मृती २० ते २५ टक्क्यांनी कमी झाली आणि घातल्याचा क्रमही अनायासे राखला जाऊ लागला. त्यावर लोक विसंबू लागल्याने २०१८ मधील ३.७ या आवृत्तीत त्यास नियमाचे स्वरूप देण्यात आले.

सुरक्षितता : वर उल्लेखिलेल्या 'सरासरी'तील धोका एकविसाव्या शतकात उघड झाला. अमेरिकेतील राइस विद्यापीठाचे स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलक यांनी २००३ मध्ये असे दाखवून दिले, की हॅश फलन ज्ञात असेल, तर एकाच कप्प्यात पडणाऱ्या किल्ल्या हेतुपुरस्सर तयार करता येतात. मग हॅश सारणी पुन्हा लिस्पच्या यादीसारखीच होते व प्रत्येक नवी किल्ली घालताना आधीच्या सर्व तपासाव्या लागतात. अशा एक लाख किल्ल्यांसाठी सुमारे ५०० कोटी तुलना होतात. पर्लने त्याच वर्षी आपल्या फलनात यादृच्छिकता आणली. परंतु इतरांनी या इशाऱ्याची पुरेशी दखल घेतली नाही. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिन येथील एका परिषदेत अलेक्झांडर क्लिंक व युलियान व्हेल्डे यांनी पीएचपी, पायथन, रूबी, जावा इ. भाषांतील संकेतस्थळे याच रीतीने ठप्प करता येतात, हे सिद्ध केले. संकेतस्थळावरील प्रपत्रांत भरलेल्या रकान्यांची नावे या भाषांत थेट सहचारी सारणीच्या किल्ल्या होत असल्याने कोणाही परक्याला किल्ल्या निवडण्याची मुभा मिळत होती.

यानंतर पायथनने २०१२ मध्ये प्रत्येक वेळी निराळे गुप्त बीज वापरणे हा मूलनियम केला. झां-फिलिप ओमासाँ व डॅनिएल बर्नस्टाइन यांनी याच वर्षी सिपहॅश हे अशा हल्ल्यास दाद न देणारे व तरीही जलद असे फलन प्रसिद्ध केले आणि पायथनसह अनेक भाषांनी ते स्वीकारले. पीएचपीने फलन न बदलता एका विनंतीत येणाऱ्या रकान्यांच्या संख्येस १,००० ही मर्यादा घातली.

देवनागरी किल्ल्या : दोन किल्ल्या एक केव्हा, हा प्रश्न मराठी मजकुरासाठी आणखी एका रूपाने पुढे येतो. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात 'तऱ्हा' किंवा 'ऱ्हास' या शब्दांतील 'ऱ' हे अक्षर एका स्वतंत्र संकेतांकाने लिहिता येते, तसेच 'र' व नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात. परंतु सर्वसाधारण सहचारी सारणी संकेतांकांचीच तुलना करीत असल्याने तिला त्या दोन निराळ्या किल्ल्या वाटतात. परिणामी शब्दसूचीत एकच शब्द दोनदा येतो व प्रत्येकाची संख्या अपुरी पडते. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनी ही दोन रूपे एक करता येतात. म्हणून किल्ली घालण्यापूर्वी प्रमाणीकरण करणे आवश्यक ठरते. मात्र 'र', हलन्त चिन्ह व अदृश्य जोडचिन्ह यांनी साधलेले तिसरे रूप या नियमांच्या कक्षेत येत नाही. त्याची व्यवस्था आज्ञावलीकारालाच करावी लागते. अंकांचीही स्थिती अशीच आहे. वर दिलेल्या उदाहरणांतील अंक संगणकात सामान्यतः आंतरराष्ट्रीय अंकरूपात असतात. देवनागरी अंकांतील '७' हा पायथनमध्ये मागणी केल्यास सात या संख्येत रूपांतरित होतो. पीएचपीमध्ये किल्ली म्हणून तो केवळ एक अक्षर असतो.

मूल्यमापन : शिथिल प्रकारांच्या भाषांनी सहचारी सारणी सर्वांच्या हाती दिली, हे त्यांचे मोठे कार्य होय. घोषणांचा पसारा न मांडता थोडक्या ओळींत माहितीची वर्गवारी, मोजणी व शोध करता येऊ लागल्याने भाषाशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ, वृत्तपत्रे व सरकारी कचेऱ्या यांनाही संगणकाचा उपयोग स्वतः करून घेता आला. परंतु आपोआप होणारे रूपांतर बेरजेत चुकले, तर चुकीचे उत्तर निदान दिसते. किल्लीत चुकले, तर एक नोंद दुसऱ्या नोंदीत विलीन होते अथवा एकाच नोंदीच्या दोन होतात आणि मूळ माहिती परत मिळविण्याचा मार्ग बहुधा राहत नाही. जावास्क्रिप्टमधील मॅप, पीएचपीमधील इशारे व पायथनमधील क्रमाचा नियम या अलीकडील सुधारणांचा रोख पाहता, इतरत्र शिथिलता राखणाऱ्या भाषाही किल्लीच्या बाबतीत उत्तरोत्तर काटेकोर होत गेल्याचे दिसते.